ड्राय लेकचं नववं मत

ड्राय लेक, लॅरबी काउंटी, नेब्रास्का
२६ एप्रिल १९७०

प्रिय ओपल,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर आळसापायी नाही, वासरांपायी झाला. चाळीस गायी व्यायल्या, दोन वासरं गेली, एकाला मी स्वयंपाकघरात शेगडीजवळ ठेवून जगवलं. माझा वॉल्टर असता तर हसला असता. तो गेल्यापासून या घरात इतका आवाज पहिल्यांदाच झाला.

फोन का करत नाहीस म्हणून विचारलंस. मावसबहीण असून विसरलीस? आमच्या एका तारेवर सात घरं आहेत. मी बोलायला लागले की गर्डा सोर्बी रिसीव्हर उचलते, आणि मग मला तिच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते. खासगी असेल ते टपालानेच बरं.

जनगणनेवाली बाई येऊन गेली. घरात माणसं किती, म्हणाली. म्हटलं, दिसतंय तेवढंच. तिच्या अंदाजाने यंदा काउंटी साडेसहाशेच्या आत येणार. दहा वर्षांपूर्वी आठशे अकरा होतो. गाई मोजायला आली असती तर बाईचा दिवस आनंदात गेला असता.

तर बातमी अशी, की ऑर्विल पुन्हा काउंटीच्या तीन कमिशनरांपैकी आपल्या जागेसाठी उभा आहे. चोवीस वर्षं झाली, यंदा प्रथमच समोर माणूस आहे: ड्वाइट हॅनमन. तू त्याला ओळखत नाहीस. बारा वर्षांपूर्वी पूर्वेकडून आला, मार्लो गावात ट्रॅक्टरचं दुकान चालवतो. माणूस वाईट नाही. नदीच्या दक्षिणेकडे सगळे त्याच्या बाजूचे. त्याचं म्हणणं, उत्तरेकडे माणसंच उरली नाहीत, तेव्हा आमचा रस्ता दर महिन्याला सपाट करायची गरज काय, आणि नऊ मतदारांसाठी ड्राय लेकला वेगळं मतदान केंद्र कशाला? चौतीस मैल गाडी हाकत मार्लोला या आणि मत द्या, म्हणतो. केंद्र गेलं की रस्ता गेला, रस्ता गेला की आम्ही गेलो. हे ऑर्विलचं म्हणणं, आणि या बाबतीत तो बरोबर आहे.

शाळेच्या बाबतीत मात्र नाही. फेब्रुवारीच्या सभेत मी उठून सांगितलं, की चार पोरांसाठी शाळा चालवण्यात पोरांचंच नुकसान आहे, त्यांना गावात पाठवा. हॅनमन नेमकं हेच म्हणतो. ऑर्विल सगळ्यांसमोर म्हणाला, "इडेला, तू कुणाची बहीण आहेस?" मी म्हटलं, "तुझीच, म्हणून तर तोंडावर सांगतेय." लोक हसले. तो हसला नाही. आर्लीन तर त्या दिवसापासून मला मीठ सुद्धा पुढे करत नाही. भावजय आहे, चालायचंच.

निवडणूक १२ मेला. नेहमीप्रमाणे शाळेत मतपेटी, आणि मोजणीला मी, शेजारचे एमिल आणि गर्डा.

तुझी,
इडेला

*

स्पोकेन, वॉशिंग्टन
६ मे १९७०

इडेले,

तुझं पत्र वाचून मी जिन्यातल्या टपालपेट्या मोजल्या. शहाऐंशी. म्हणजे तुमच्या अख्ख्या काउंटीतली माणसं माझ्या अशा चार इमारतींत मावतील, आणि वर एखादा मजला हॅनमनच्या ट्रॅक्टरांना राहील. माझ्याच इमारतीतल्या माणसांची नावं मला ठाऊक नाहीत. तुझ्याकडे गाईंना सुद्धा नावं आहेत.

मला मात्र त्या शाळेतलं मतदान अजून आठवतं. बाबांचा हात धरून गेले होते, आणि आत कोपऱ्यात गोधडीचा पडदा. बाहेर सगळे गप्पा मारत उभे, जसं काही आत कुणी गुपचूप जाऊन भारी काही करतंय. अगं, नऊ माणसांत गुपित कसलं? निकाल वर्तमानपत्रात केंद्रवार छापतात, आणि शुक्रवारी सकाळी सगळी काउंटी बोटांवर मोजते. मागे व्हॅन्स भावांपैकी एकाने न्यायाधीशाच्या निवडणुकीत वेगळं मत दिलं, तर कोणत्या भावाने यावर सहा महिने काथ्याकूट झाला ना?

आणि एक सांग. नोव्हेंबरच्या निवडणुकीत मी इथे डेमोक्रॅटांना मत देते आणि आकाश कोसळत नाही. तुम्ही मात्र सगळे रिपब्लिकन यादीतच, कारण मेमध्ये त्या पक्षाचा उमेदवार ठरला की नोव्हेंबरात त्याच्यासमोर कुणी उभंच नसतं. माझे बाबा मरेपर्यंत म्हणायचे, "दुसऱ्या यादीत नाव घातलं तर मे महिन्यात घरी बसावं लागेल, आणि मे महिन्यातच सगळं ठरतं." अजून तसंच का?

ऑर्विल जिंकेल. त्याच्यासारखा हट्टी माणूस हरला तर हरल्याचं त्याला कुणीतरी समजावून सांगावं लागेल. आर्लीनला माझा नमस्कार, मिठासकट.

ओपल

*

ड्राय लेक
१६ मे १९७०

प्रिय ओपल,

ऑर्विल हरला. एकशे एक्केचाळीस विरुद्ध एकशे चाळीस. कोर्टहाऊसमध्ये पुन्हा मोजलं, तोच आकडा. एका मताने गेला.

ड्राय लेकचा निकाल: ऑर्विल आठ, हॅनमन एक.

आता तू बोटं मोजशील, म्हणून मीच मोजून देते. ऑर्विल, आर्लीन, त्यांचा मर्ल आणि सून जॉइस. एमिल आणि गर्डा. व्हॅन्स भाऊ दोघं. आणि मी. झाले नऊ. मतदान संपायच्या आधीच सगळे येऊन मत देऊन गेले, बाहेर गवतात बसून गर्डाचे दालचिनीचे पाव खाल्ले, आणि प्रत्येक जण ऑर्विलच्या पाठीवर थाप मारून गेला. मीही मारली.

मोजायला बसलो तेव्हा दार उघडं होतं आणि ऑर्विल बाहेर मर्लच्या गाडीला टेकून उभा होता. मतपत्रिका उलगडून वाचायचं काम माझं, एमिल आणि गर्डा समोरासमोर बसून रेघा मारतात. आठ वेळा मी ऑर्विलचं नाव वाचलं. नववी उघडली आणि थोडा वेळ लागला. एमिल म्हणाले, "वाच की गं, चष्मा विसरलीस का?" मी वाचलं, "हॅनमन." गर्डाची पेन्सिल जागच्या जागी थांबली. मग तिने रेघ मारली, आणि माझ्याकडे बघितलं. फेब्रुवारीतली सभा तिलाही आठवत होती.

आम्ही सह्या केल्या, पेटीला लाख लावली. बाहेर आलो. ऑर्विलने आकडा ऐकला, मान हलवली, आणि टोपी डोक्यावर नीट केली, जणू ती आधी नीट नव्हतीच. आर्लीन गाडीत जाऊन बसली. तेव्हा एका मताने हरणार हे कुणालाच माहीत नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी कळलं.

शुक्रवारी वर्तमानपत्र आलं. आज सकाळी टपाल घ्यायला गेले तर दुकानातले चार जण एकदम हवामानावर बोलायला लागले.

मोजणीला बसताना आम्ही हात वर करून शपथ घेतो, की पेटीतलं काही बाहेर बोलणार नाही. तेव्हा मला काही विचारू नकोस.

इडेला

*

स्पोकेन
२५ मे १९७०

इडेले,

बरं, नाही विचारत. पण कौतुक करायला तर शपथ आड येत नाही ना?

शाबास! मनापासून सांगते. शाळेबद्दल तुझं म्हणणं खरं होतं, आणि जे बोललीस तेच केलंस. भाऊ म्हणून आंधळेपणाने फुली मारणं किती बावळटपणाचं आहे, हे मला इथे आल्यावर कळलं. एका मताने जाईल हे तुला तरी काय ठाऊक? तू आपल्या बुद्धीला पटलं ते केलंस. ऑर्विल चार दिवस फुगून बसेल, मग येईल रविवारी जेवायला. तुझ्या हातचं कोंबडीचं जेवण तो किती दिवस टाळणार?

मान खाली घालू नकोस. मला तुझा अभिमान वाटतो.

ओपल

*

ड्राय लेक
७ जून १९७०

ओपल,

तुझं पत्र मिळालं. तूसुद्धा.

जाऊ दे. हिशोब करणाऱ्याने हिशोब केला, त्याला मी काय करणार. माझं नाव या भागात अठ्ठावन्न वर्षं आहे आणि एका शुक्रवारी ते बदललं. त्याबद्दल मी तुझ्याशी किंवा आणखी कुणाशी वाद घालणार नाही.

तू म्हणालीस ऑर्विल रविवारी येईल. चार रविवार झाले.

काल त्यांच्याकडे वासरांना डाग द्यायचा दिवस होता. तू इथे होतीस तेव्हाही असंच होतं, आठव: ज्याच्याकडे डागणी त्याच्याकडे सगळे जातात. कुणी दोर टाकतं, कुणी वासरू धरतं, कुणी डाग द्यायच्या सळया तापवतं. बायका दुपारचं जेवण करतात. बोलावणं असं करतच नाहीत. आदल्या आठवड्यात आर्लीन फोन करून कुणी काय आणायचं तेवढं सांगते. एकतीस वर्षं मी बटाट्याचं सॅलड आणलं आणि आगीजवळ उभी राहून लस टोचली. वॉल्टरच्या अंत्यसंस्कारानंतर सहाव्या दिवशी सुद्धा गेले होते.

यंदा फोन आला नाही. मला वाटलं, विसरली असेल. शुक्रवारी मी बटाटे उकडून ठेवले. शनिवारी सकाळी टेकडीवर चढले तर त्यांच्या गुरांच्या वाड्यावर धूळ उठली होती आणि सात गाड्या उभ्या होत्या. एमिलची निळी गाडी सुद्धा. मी तिथे बराच वेळ उभी होते. रस्त्याने तो वाडा अकरा मैल, टेकडीवरून सरळ दोनच, तरी वासरांचं ओरडणं तिथवर ऐकू येत नाही, पण मला येत होतं.

बटाटे कोंबड्यांना घातले. एवढ्या बटाट्यांचं एकटी काय करणार?

मला वाईट वाटलं, ओपल. खूप वाईट वाटलं. हे मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

इडेला

*

स्पोकेन
१४ जुलै १९७०

प्रिय इडेला,

हे माझं तिसरं पत्र, उत्तराविना. मी चुकले. तू ते मत दिलंस असं मी गृहीत धरलं. तू दिलंस असंही म्हणाली नाहीस, नाही असंही म्हणाली नाहीस, आणि मी आपली शाबासकी देऊन मोकळी झाले. दिलं असलंस तरी तू माझीच, नसलंस तरी माझीच. इथे उकाडा आहे, पाय सुजतात, आणि तुझं पत्र नाही म्हणजे आठवड्याला चव नाही.

दोन ओळी टाक. शिव्या असल्या तरी चालतील.

ओपल

*

ड्राय लेक
९ ऑगस्ट १९७०

ओपल,

मी तुला याआधी कधी पत्र लिहिलं नाही. आर्लीन लिहायची, मी खाली सही करायचो. हे पत्र आर्लीनला माहीत नाही. इडेलालाही सांगू नकोस.

ते मत माझं होतं.

बाबा कमिशनर होते तेव्हा त्यांनी मला शिकवलं, की उभा राहिलेला माणूस स्वतःला मत देत नाही. समोरच्याला देतो. स्वतःच्या नावापुढे फुली मारणं म्हणजे आपणच आपल्या ताटात मोठा तुकडा वाढून घेणं. समोरचाही तसंच करायचा. दोन्ही मतं फिटून जायची, आणि मग दोघं हात मिळवायचे. बाबांनी तसंच केलं. चोवीस वर्षं माझ्यासमोर कुणी नव्हतंच, त्यामुळे मी ती जागा कोरी सोडायचो. यंदा माणूस होता, तर हॅनमनला दिलं. दोनदा विचार केला नाही. शाळेत जाताना टोपी काढतो, तसंच.

हॅनमनने मात्र स्वतःला दिलं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. इकडची रीत त्याला कशी कळणार? मलाही वाटलं नाही, की सांगावं लागतं.

मी स्वतःला दिलं असतं तर एकशे एक्केचाळीस माझे असते. रस्ता राहिला असता, केंद्र राहिलं असतं. आठ माणसांनी माझ्यावर विसंबून फुली मारली आणि मी ते सगळं सभ्यपणा करून घालवलं. हे कुणाला कसं सांगू?

त्या संध्याकाळी घरी पोचलो तर आर्लीनने आधीच ठरवून टाकलं होतं, इडेलाच. मला वाटलं, दोन दिवसांत विसरतील. मग वाटलं, गवत कापायला लागले की विसरतील. डागणीची यादी आर्लीनने टेबलावर ठेवली, तीत इडेला नव्हती. मी यादी वाचली आणि बाहेर गेलो. ओपल, मी चोपन्न वर्षांचा आहे आणि घोड्याला पाणी पाजायला जावं तसा बाहेर गेलो.

आणखी एक आहे. मोजणीला तीच होती. गवताचे गठ्ठे बांधायच्या यंत्रात माझी दोन बोटं गेल्यापासून माझी फुली एका बाजूला कलते आणि कागद फाटतो. थँक्सगिव्हिंगच्या सणाला पत्ते खेळताना गुणांच्या फुल्या मीच मारतो. इडेलाने ती फुली शंभर वेळा बघितली आहे. तिला कळलं असेल तर ती गप्प का आहे? आणि कळलं नसेल तर मी तिला तोंड कसं दाखवू? तू तिला लिहून बघ ना, ती काय म्हणते. तुझं ती ऐकते.

ऑर्विल

*

स्पोकेन
१५ ऑगस्ट १९७०

ऑर्विल,

नाही लिहिणार. तुझी फुली, तूच सांग.

तीन महिने तुझी बहीण टेकडीवरून तुझ्या वाड्याची धूळ बघतेय, आणि तू चौदाशे मैलांवर मला विचारतोस तिच्या मनात काय आहे. अकरा मैलांवर राहते रे ती! तुझ्या गाडीत तेल नाही का?

तुला वाटतं लोक हसतील. हसतील. पुढची वीस वर्षं हसतील, तुझ्या थडग्यावर उभे राहून हसतील. इडेलावर कुणी हसत नाही, ते तिला फोनच करत नाहीत. यातलं जड काय ते तूच ठरव.

तुझी रीत चांगली होती. मावशीचे यजमान मोठे सभ्य गृहस्थ होते, मला आठवतात. पण ते असते तर त्यांनी आपल्या मुलीच्या नावावर हे एक दिवसही राहू दिलं नसतं.

तुझं पत्र मी जाळलं. आपण एकमेकांना कधी लिहिलंच नाही.

ओपल

*

ड्राय लेक
२७ सप्टेंबर १९७०

प्रिय ओपल,

इतके महिने गप्प राहिले, माफ कर. आता एका बैठकीत सगळं सांगते, कॉफी घेऊन बस.

मंगळवारी मार्लोच्या कोर्टहाऊसमध्ये सुनावणी होती, ड्राय लेकचं केंद्र बंद करून आम्हाला गावाला जोडण्याबद्दल. ऑर्विल जानेवारीपर्यंत कमिशनर आहे, तेव्हा तिघांत तोही वर बसलेला. आम्ही उत्तरेकडचे सगळे गेलो होतो. मी शेवटच्या बाकावर एकटी, माझ्या बाजूला दोन कोट ठेवलेले. हॅनमन पुढच्या रांगेत, स्वच्छ शर्ट घालून.

एमिल बोलले, थोरला व्हॅन्स बोलला. त्याने सांगितलं, की बर्फात चौतीस मैल गाडी हाकण्यापेक्षा तो मत न देता मरेल. अध्यक्षांनी तेही लिहून घ्यायला सांगितलं. मग ठराव मताला टाकायची वेळ आली तेव्हा ऑर्विल उभा राहिला.

"माझं एक निवेदन आहे," म्हणाला.

अध्यक्ष म्हणाले, "ठरावाबद्दल?"

"नाही. मेमधल्या निवडणुकीबद्दल. ड्राय लेकला हॅनमनला पडलेलं मत मी दिलं होतं."

कुणाला काही समजलं नाही. कारकूनबाई लिहायच्या थांबल्या.

"लिहा," तो त्यांना म्हणाला. "सगळं लिहा. मी माझ्या बापाच्या रीतीप्रमाणे समोरच्या माणसाला मत दिलं. माझी बहीण इडेला हिने दिलेलं नाही. चार महिने तिच्यावर आळ आहे आणि मी गप्प बसलो. हे शरमेचं आहे. 'शरमेचं' लिहिलंत का?"

अध्यक्ष म्हणाले, "ऑर्विल, हे विषयपत्रिकेवर नाही."

"तर घाला," तो म्हणाला, आणि खाली बसला.

आधी एमिल हसायला लागले. त्यांचं हसणं माहीत आहे ना, आवाज येत नाही, नुसता बाक हलतो. मग थोरला व्हॅन्स. मग सगळी खोली. हॅनमन उभा राहिला, कानापर्यंत लाल. "अहो, मला कुणी सांगितलंच नाही!" म्हणाला. "मला माहीत असतं तर मीही यांना दिलं असतं, देवाशपथ." धाकटा व्हॅन्स ओरडला, "बारा वर्षं राहतोस इथे, विचारायचंस!" ऑर्विलही शेवटी हसला. आर्लीन हसली नाही. ती उठली, सगळ्या खोलीसमोर मागच्या बाकापर्यंत चालत आली, माझ्या बाजूचे कोट उचलून मांडीवर घेतले आणि तिथे बसली.  

ठराव दोन विरुद्ध एक मताने संमत झाला. ड्राय लेकचं केंद्र गेलं. नोव्हेंबरात मार्लोला जायचं. त्यात काही बदललं नाही. हॅनमनने दारात मला सांगितलं, की रस्ता तो उन्हाळ्यात तरी सपाट करून देईल. बघू. माणूस वाईट नाही म्हटलं ना मी.

आज रविवार, दुपारी ऑर्विल जेवायला आला. एकटाच. जेवण झालं, टोपी गुडघ्यावर घेऊन बसला.

"तुला माहीत होतं," म्हणाला.

"मी नऊ मतं मोजली."

"इडेला."

"शपथ घेतली होती मी. तुला सुद्धा सांगायचं नाही अशी."

"म्हणजे शपथेसाठी गप्प राहिलीस?"

"मग आणखी कशासाठी?" मी म्हटलं. त्याचं समाधान झालं. दोन कप कॉफी प्यायला आणि गेला.

ओपल, मी त्याला खोटं सांगितलं. शपथ मला पहिले दोन दिवस आठवली, पुढे नाही. टेकडीवर उभी होते तेव्हा माझ्या मनात कसली शपथ? मी एक शब्द बोलले असते तर सगळं एका मिनिटात मिटलं असतं. पण मग तो आपणहून बोलला असता की नाही, हे मला जन्मभर कळलं नसतं. लोकांचं मला काही नव्हतं. मला माझा भाऊ हवा होता, आणि तो आपल्या पायांनी चालत यायला हवा होता. म्हणून थांबले. ऑगस्टच्या शेवटी तर मी आशा सोडली होती. वाटलं, झालं, हा माणूस आपला राहिला नाही.

आणि तो आपणहून बोलला, ओपल. कुणी सांगितलं नाही, कुणी ढकललं नाही. कारकूनबाईंकडून लिहून घेतलं. मी गाडीत बसून रडले.

मला उगाच एक शंका आली म्हणून विचारते. उन्हाळ्यात कधी ऑर्विलने तुला काही लिहिलं होतं का?

तुझी,
इडेला

*

स्पोकेन
३ ऑक्टोबर १९७०

लाडके इडेले,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेगडीवरचं काहीतरी करपलं.

ऑर्विल आणि मला पत्र? काहीतरीच काय. त्याने जन्मात मला दोन ओळी लिहिल्या नाहीत, आर्लीनच्या पत्राखाली सही तेवढी. त्याला पत्र लिहिता येतं हीच मला बातमी. तो आपणहूनच बोलला, इडेला. तो बोलणार होताच, मला कधीच शंका नव्हती.

पुढच्या डागणीला मी येणार आहे. सुजलेल्या पायांनी येते, मला आगीजवळ खुर्ची दे. आणि बटाटे जास्त उकड.

तुझी,
ओपल